बडोद्यात बसून दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह कसा तोलायचा

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं वस्तुमान काढायला दुर्बीण लागत नाही. साधा लॅपटॉप, त्यावर गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस, इंटरनेट, बारावीच्या त्रिकोणमितीची थोडी आठवण आणि एखादी निवांत सुट्टी एवढं पुरतं. मोजमापं जगभरच्या वेधशाळांनी आधीच घेऊन ठेवली आहेत आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आपलं काम त्यातून आकडा काढायचं, आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

कमाटीबागेतल्या तारांगणातून बाहेर पडलेली पोरं हमखास विचारतात, "काका, तिथपर्यंत तराजू नेला कुणी?" प्रश्न रास्त आहे. तराजू तिथेच होता: ग्रह ज्याच्याभोवती फिरतो तो तारा. म्हणूनच ग्रहाच्या वस्तुमानाचा आकडा ताऱ्याच्या वस्तुमानावर टांगलेला असतो. बातमीत "पृथ्वीच्या इतक्या पट जड ग्रह सापडला" असं वाचलंत की पहिला प्रश्न हाच विचारा: ताऱ्याचं वस्तुमान किती धरलं, आणि ते आलं कुठून?

आधी थोडी उजळणी

शाळेतल्या चित्रात तारा मधोमध गप्प बसलेला असतो. खरं तर तारा आणि ग्रह दोघंही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. मंगळागौरीला थोरल्या आत्याने चार वर्षांच्या भाचीबरोबर फुगडी घातली तर भाची मोठ्या रिंगणात भिरभिरते, पण आत्याही जागच्या जागी थोडी डुलतेच. अंधारात भाची दिसली नाही तरी आत्याच्या डुलण्यावरून भाचीच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. अट एकच, आत्याचं वजन ठाऊक पाहिजे. (ते आत्या सांगणार नाही, हा भाग वेगळा.)

गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला सुमारे १२.५ मीटर वेगाने डुलतो, आणि त्याची एक फेरी ११.८६ वर्षांत पुरी होते. पृथ्वीमुळे त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. इतक्या दुरून ताऱ्याचं हे डुलणं डोळ्याला दिसत नाही, पण प्रकाशात उमटतं. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जात असेल तर तांबड्या. हा डॉप्लर परिणाम. रेषा किती सरकल्या यावरून ताऱ्याचा आपल्या दिशेने किंवा उलट दिशेने असलेला वेग कळतो. त्याला अरीय वेग म्हणतात. तारा आडवा कितीही पळाला तरी या मापात ते येत नाही. हे आत्ताच डोक्यात पक्कं करा, पुढे एका पायरीवर सगळा गोंधळ यामुळेच होतो.

रेषा किती सरकते ते बघा. सेकंदाला ५६ मीटर वेग असेल तर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा ०.०००१२ नॅनोमीटरने हलते. एका रेषेवरून हे पकडणं अशक्यच, म्हणून हजारो रेषा एकदम मोजतात. शिवाय मोजणारं यंत्र स्वतः हलता कामा नये.

असं यंत्र आपल्या बरंच जवळ आहे. माउंट अबूच्या गुरुशिखरावर दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्या बडोदेकरांनी तिथल्या वेधशाळेचे घुमट पाहिले असतील. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची, म्हणजे पीआरएलची, ती वेधशाळा. तिथल्या १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला 'पारस' नावाचा वर्णपटमापक जोडला गेला. ताऱ्याचा प्रकाश प्रकाशतंतूमधून एका निर्वात पेटीत नेला जातो, पेटीच्या खोलीचं तापमान जराही हलू देत नाहीत, आणि ताऱ्याच्या वर्णपटाशेजारी थोरियम-आर्गॉन दिव्याचा वर्णपट एकाच वेळी टिपतात. दिव्याच्या रेषांच्या जागा ठाऊक असतात. त्या हलल्या तर यंत्र हललं, आणि तेवढा फरक ताऱ्याच्या वेगातून वजा केला जातो. २०१८ साली 'पारस'ने पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा एक ग्रह तोलला. त्याची फेरी १९.५ दिवसांची आहे. आता त्याच डोंगरावर २.५ मीटरच्या दुर्बिणीला 'पारस-२' जोडलेला आहे.

पहिला तारा: ५१ पेगासी

नवख्याने दुसरा कुठला तारा शोधत बसू नये. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून याच ताऱ्याचा ग्रह जाहीर केला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा हा पहिला पक्का ग्रह, आणि २०१९च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना या कामासाठी मिळाला. ग्रहाची फेरी ४.२३ दिवसांची, कक्षा जवळजवळ वर्तुळाकार, ताऱ्याचा वेग ठसठशीत. शिकायला याहून सोयीचा तारा नाही.

तो आकाशातही बघून घ्या. लागत नाही, पण बरं वाटतं. पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे म्हणजे महाश्वाच्या चौकोनाची पश्चिमेकडची बाजू. त्या दोघांच्या साधारण मधोमध, किंचित पश्चिमेला सरकून हा तारा आहे. प्रत ५.५, म्हणजे शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्याला दिसायचा नाही, साध्या द्विनेत्रीतून दिसतो. बडोद्याचा अक्षांश २२.३ अंश आणि ताऱ्याची क्रांती (म्हणजे आकाशातला त्याचा अक्षांश) सुमारे २०.८ अंश उत्तर, त्यामुळे तो आपल्या जवळपास थेट डोक्यावरून जातो. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास, गरबा ऐन रंगात असतो तेव्हा, मान पूर्ण मागे टाकून वर बघायचं. कोजागरीला मात्र चंद्राच्या उजेडात शोधायला जाऊ नका.

मोजमापं मिळवा आणि वेळेचा रकाना तपासा

नासाच्या एक्सोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये, जिनिव्हाच्या 'डेस' या संकेतस्थळावर, किंवा स्ट्रासबुर्गच्या 'व्हिझियर' संग्रहात ताऱ्याचं नाव टाकून शोधा. ५१ पेगासीची मोजमापं एकापेक्षा जास्त वेधशाळांनी घेतली आहेत. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेने तर जाहीर झाल्यावर काही दिवसांतच शोधाची खातरजमा केली होती. फाइलमध्ये बहुधा तीन रकाने असतात: वेळ, वेग आणि त्या वेगातली संभाव्य चूक. वेग मीटरमध्ये आहे की किलोमीटरमध्ये, ते फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. ते वाचूनच पुढे जा.

वेळेचा रकाना मात्र नीट बघा. खगोलशास्त्रात तारखा ज्युलियन दिनांकात लिहितात, म्हणजे एक लांबलचक आकडा. तो लांब म्हणून कुणी त्यातून २४,००,००० वजा करतं, कुणी २४,५०,०००, आणि सुधारित ज्युलियन दिनांकात २४,००,०००.५ वजा असतात. शेवटचा अर्धा दिवस किरकोळ वाटतो. पण ४.२३ दिवसांच्या फेरीत अर्धा दिवस म्हणजे फेरीचा जवळजवळ आठवा भाग! दोन वेधशाळांची मोजमापं एकत्र करताना एकीच्या वेळा अर्ध्या दिवसाने सरकलेल्या असतील तर आलेख फाटल्यासारखा दिसतो, आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो.

दुसरी काळजी पृथ्वीच्या गतीची. आपण स्वतः सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती पळतोय, म्हणजे शोधायच्या वेगाच्या पाचशेपटीहून जास्त. त्यात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग आहेच, बडोद्याच्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे ४३० मीटर. प्रकाशित मोजमापांत ही वजाबाकी आधीच केलेली असते, तुम्ही परत करू नका. फक्त फाइलमध्ये 'बॅरीसेंट्रिक' किंवा 'हेलिओसेंट्रिक' असा शब्द आहे ना, ते पाहून घ्या.

शेवटी सगळ्या वेळांतून पहिली वेळ वजा करा, म्हणजे रकाना शून्यापासून सुरू होईल.

फेरीचा काळ शोधा

वेग आणि वेळ यांचा आलेख काढलात तर नुसता ठिपक्यांचा सडा दिसेल. घाबरू नका. निरीक्षणं रोज झालेली नसतात, मधे ढग, चंद्र, सुट्ट्या सगळं असतं. या सड्यातून ठेका शोधायचा.

युक्ती अशी. एक काळ मनाने धरा, समजा ४.२३०८ दिवस. प्रत्येक वेळेला त्याने भागा आणि उत्तराचा पूर्णांक टाकून फक्त अपूर्णांक ठेवा. १०० व्या दिवशीचं निरीक्षण असेल तर १०० ÷ ४.२३०८ = २३.६३६, म्हणजे चोवीसावी फेरी चालू आहे आणि तिचा ०.६३६ भाग झाला आहे. शीटमध्ये 'मॉड' या फंक्शनला तो भागाकार आणि १ हे दोन आकडे दिले की ते हेच करतं. आता आडव्या अक्षावर हा अपूर्णांक आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन आलेख काढा. काळ बरोबर असेल तर सगळे ठिपके एका सुबक लाटेवर येऊन बसतात. एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. करणाऱ्या शेजारच्या मुलीला मी हे करायला दिलं, तर तिने काळाच्या चौकटीत ४.२, ४.२२, ४.२३ असे आकडे टाकत टाकत ठिपके जुळताना बघितले आणि म्हणाली, "अहो काका, हे तर रेडिओ लावल्यासारखं आहे!"

काळ किती अचूक लागतो, याची कल्पना नवख्याला नसते. ४.२३०८ ऐवजी ४.२३१८ घेतला तर फरक दिवसाच्या हजाराव्या भागाचा. पण दहा वर्षांच्या निरीक्षणांत ८६३ फेऱ्या होतात आणि तो फरक साठत साठत ०.८६ दिवसावर जातो, म्हणजे फेरीच्या पाचव्या भागावर. ठिपके पसरतात, लाट बुटकी होते, आणि ग्रह आहे त्यापेक्षा हलका निघतो.

काळ अजिबात माहीत नसेल तर हाताने चाचपडू नका. गूगल कोलॅबमध्ये पायथनचं 'ॲस्ट्रोपाय' फुकट चालतं, त्यातला लॉम्ब-स्कार्गल आलेख काढा, म्हणजे कुठल्या काळाचा ठेका किती ठळक आहे ते शिखरांच्या उंचीवरून दिसतं. एक सूचना: पायऱ्या काळाच्या घेऊ नका, वारंवारतेच्या घ्या, आणि पायरी निरीक्षणांच्या एकूण मुदतीच्या व्यस्ताच्या दहाव्या भागाएवढी बारीक ठेवा. नाहीतर खरं शिखर दोन पायऱ्यांच्या मधून निसटून जातं.

आलेखात ४.२३ दिवसांच्या शिखराबरोबर १.३१ दिवसांपाशीही एक शिखर दिसलं तर दुसरा ग्रह सापडला म्हणून पेढे वाटू नका. दुर्बिणी रात्रीच चालतात, म्हणून मोजमापांत एक दिवसाचा ठेका आपोआप शिरतो, आणि तो खऱ्या ठेक्याशी मिसळून खोटी शिखरं उभी करतो. १ मधून १ ÷ ४.२३०८ वजा करा आणि उत्तराचा व्यस्त घ्या. बरोबर १.३१ येतो.

लाटेची उंची काढा

इथे बरेच मार्गदर्शक थेट मोठ्या संगणकप्रणालीकडे नेतात. वर्तुळाकार कक्षेसाठी त्याची गरज नाही, शीटमधलं 'लिनेस्ट' पुरतं. काळ पक्का झाल्यावर चौथ्या रकान्यात २π × वेळ ÷ काळ याचा साइन आणि पाचव्यात त्याचाच कोसाइन भरा. (शीटला कोन रेडियनमध्येच कळतो, अंशांत बदलू नका.) मग लिनेस्टला वेगाचा रकाना आणि हे दोन रकाने द्या, शेवटच्या दोन्ही पर्यायांना 'ट्रू' लिहा. गूगल शीट्स उत्तर आपोआप पसरून दाखवतं. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवून एंटर मारावं लागतं.

वरच्या ओळीत तीन आकडे येतील, पण उलट्या क्रमाने: आधी कोसाइनचा, मग साइनचा, शेवटी स्थिरांक. स्थिरांक म्हणजे लाटेची मधली पातळी, ग्रहाशी त्याचा संबंध नाही. पहिल्या दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. ती लाटेची अर्धी उंची, म्हणजेच ताऱ्याच्या डुलण्याचा वेग. ५१ पेगासीसाठी तो सेकंदाला ५६ मीटरच्या आसपास यायला हवा. खालच्या ओळीत प्रत्येक आकड्याची संभाव्य चूक मिळते, तीही टिपून ठेवा.

दोन वेधशाळांची मोजमापं एकत्र घेतली असतील तर प्रत्येकीचा शून्य वेगळा असतो. त्यासाठी आणखी एक रकाना करा, दुसऱ्या वेधशाळेच्या ओळींत १ आणि पहिलीच्या ओळींत ०. लिनेस्ट शून्यांमधला फरक आपोआप काढेल. फक्त उलट्या क्रमामुळे आता पहिला आकडा त्या फरकाचा असेल. तो चुकून वर्गमुळात गेला तर ग्रह भलताच लठ्ठ होतो.

त्यानंतर प्रत्येक मोजमापातून लाट वजा करून बघा, काय उरतं. उरलेला फरक यंत्राच्या चुकीएवढाच असेल तर झालं. त्याहून बराच जास्त असेल तर तिथे आणखी एखादा ग्रह असू शकतो, किंवा ताऱ्याच्या अंगावरचे डाग. डाग ताऱ्याबरोबर फिरतात, त्याच्या रेषांचा आकार बिघडवतात आणि हुबेहूब ग्रहासारखी लाट उभी करतात. २०१२ साली सूर्याच्या अगदी शेजारच्या अल्फा सेंटॉरी ब या ताऱ्याभोवती ३.२४ दिवसांचा ग्रह जाहीर झाला होता, लाटेची उंची सेकंदाला अर्धा मीटर. काही वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की ती लाट निरीक्षणांच्या वेळा आणि ताऱ्याची खळबळ यांच्या मिश्रणातून आली होती. जाहीर करणारी मंडळी कच्ची नव्हती. म्हणून सेकंदाला दोन-तीन मीटरहून लहान लाटेबद्दल मी तरी आधी ताऱ्यावर संशय घेतो.

आता वस्तुमान

सूत्राची गुरुकिल्ली एका आकड्यात आहे: गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्याभोवती एका वर्षात फेरी मारत असेल, तर तारा सेकंदाला २८.४ मीटर वेगाने डुलतो. बाकी सगळं त्रैराशिकासारखं, फक्त घातांक वेगळे.

ग्रहाचं वस्तुमान (गुरूच्या पटीत) = (वेग ÷ २८.४) × (वर्षांतल्या काळाचं घनमूळ) × (ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या पटीत, त्याचा २/३ घात)

कक्षा लंबगोल असेल तर याला १ वजा विकेंद्रतेचा (म्हणजे कक्षा किती लांबट आहे त्या मापाचा; वर्तुळाला ते शून्य) वर्ग, याच्या वर्गमुळानेही गुणायचं. ५१ पेगासीला ते सोडून द्या.

सूत्र शीटमध्ये टाकलं की आधी आपला गुरू घालून बघा: वेग १२.५, काळ ११.८६, तारा १. उत्तर १ आलं पाहिजे. नाही आलं तर कंस कुठेतरी चुकलाय.

आता आपला ग्रह. ५६ ÷ २८.४ = १.९७. काळ ४.२३०८ ÷ ३६५.२५ = ०.०११५८ वर्ष, त्याचं घनमूळ ०.२२६. ताऱ्याचं वस्तुमान १.११ धरलं तर २/३ घात १.०७२. गुणाकार ०.४८. म्हणजे गुरूच्या निम्म्याला किंचित कमी, पृथ्वीच्या सुमारे १५० पट. घरबसल्या, खुर्चीतून न उठता.

मग तुम्ही एखाद्या यादीत बघता आणि तिथे ०.४६ लिहिलेलं असतं. गणित चुकलं का? नाही. त्यांनी तारा हलका धरला. सूत्रात १.११ ऐवजी १.०६ टाका, उत्तर ०.४६ येतं. मोजमापं तीच, लाट तीच, फक्त तारा बदलला की ग्रह बदलला. म्हणून ताऱ्याचं वस्तुमान सूत्रात कोंबू नका. त्याला स्वतंत्र चौकट द्या आणि शेजारी ते कुठून घेतलं ते लिहा.

ताऱ्याचं वस्तुमान तरी कोण तोलतं? एकट्या ताऱ्याच्या बाबतीत सरळ कुणीच तोलत नाही. वर्णपटावरून त्याचं तापमान आणि त्यातली मूलद्रव्यं कळतात, गाइया उपग्रहाने मोजलेल्या अंतरावरून खरी तेजस्विता कळते, आणि मग ताऱ्यांच्या आयुष्याची गणिती प्रारूपं सांगतात की असा तारा साधारण इतक्या वस्तुमानाचा असतो. त्यात पाच टक्के चूक असेल तर २/३ घातामुळे ग्रहात साडेतीन टक्क्यांच्या आत येते, हे नशीब. काळातली चूक तर नगण्यच. बहुतेक वेळा शेवटच्या आकड्यातली अनिश्चितता लाटेच्या उंचीतून आणि ताऱ्यातून येते, तेव्हा वेळ तिथे घालवा.

कक्षेचा कल

सुरुवातीला सांगितलेली आडव्या गतीची गोष्ट इथे येते. आपल्याला ताऱ्याचा फक्त आपल्याकडे येणारा-जाणारा वेग कळतो. कक्षा आपल्याला कडेने दिसत असेल तर पूर्ण वेग हाती लागतो. तिरपी असेल तर थोडाच लागतो, आणि समोरून ताटासारखी दिसत असेल तर काहीच नाही. म्हणून वर काढलेलं ०.४८ हे किमान वस्तुमान आहे. खरं वस्तुमान त्याला कलाच्या कोनाच्या (कडेने दिसली तर ९० अंश, समोरून दिसली तर ०) साइनने भागून मिळेल, आणि तो कोन या मोजमापांत नाही.

कक्षा कशाही वळलेल्या असू शकतात असं धरलं तर खरं वस्तुमान किमानाच्या दुपटीहून जास्त असण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. म्हणजे बहुतेकदा फार बिघडत नाही. पण कधी कधी चांगलंच बिघडतं. एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती १९८९ साली, म्हणजे ५१ पेगासीच्याही आधी, ८४ दिवसांत फिरणारा एक सोबती सापडला होता. किमान वस्तुमान गुरूच्या सुमारे ११ पट. कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की कदाचित हाच पहिला परग्रह. गाइयाने ताऱ्याची आडवी हालचाल मोजली तेव्हा कळलं की कक्षा आपल्याला जवळजवळ समोरून दिसते आणि तो सोबती ग्रह नाहीच, छोटा तांबडा तारा आहे.

कोन मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अधिक्रमण. ग्रह ताऱ्याच्या तबकडीवरून जाताना दिसला तर कक्षा कडेनेच दिसतेय, साइन जवळजवळ १, आणि प्रश्न मिटला. ५१ पेगासीचा ग्रह अधिक्रमण करत नाही, म्हणून दुसरा सराव एचडी २०९४५८ वर करा. १९९९ साली पहिलं अधिक्रमण याच ताऱ्यावर दिसलं. वेग सेकंदाला ८४.७ मीटर, काळ ३.५२४७ दिवस, तारा १.१३ सूर्य. गणित करा, ०.६९ येईल, आणि कोन ८६.७ अंशांचा असल्यामुळे हे खरंच वस्तुमान आहे.

अधिक्रमणात ताऱ्याच्या प्रकाशाचा कितवा भाग उतरतो (दीड टक्का म्हणजे ०.०१५) त्याचं वर्गमूळ म्हणजे ग्रह आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचं गुणोत्तर. इथे उतार सुमारे दीड टक्का आहे, त्यावरून ग्रहाची त्रिज्या गुरूच्या सुमारे १.३७ पट निघते. वस्तुमान कमी आणि आकार मोठा, त्यामुळे घनता पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. उलट टोकाचं उदाहरण पीआरएलचंच आहे: टीओआय-४६०३ या ताऱ्याच्या ग्रहाचं अधिक्रमण टेस उपग्रहाने पाहिलं, वस्तुमान 'पारस'ने काढलं. २०२३ साली जाहीर झालेला हा ग्रह आकाराने गुरूएवढाच पण वस्तुमानाने सुमारे १३ पट, घनता पाण्याच्या चौदा पट. ग्रह कुठे संपतो आणि तपकिरी खुजा तारा कुठे सुरू होतो, त्या सीमेवरच तो बसला आहे.

ताऱ्याला न विचारता मिळणारी एक गोष्ट

अधिक्रमण आणि वेग दोन्ही हाताशी असतील तर ग्रहाच्या पृष्ठभागाचं गुरुत्व काढता येतं, आणि त्यात ताऱ्याचं वस्तुमान लागतच नाही. मला हे सगळ्यात सुंदर वाटतं, आणि नवख्यांना ते कुणी सांगत नाही.

करायचं असं: २π ला सेकंदांतल्या काळाने भागा, वेगाने गुणा, आणि ग्रहाची त्रिज्या ÷ कक्षेची त्रिज्या या गुणोत्तराच्या वर्गाने भागा. हे गुणोत्तर अधिक्रमणाच्या आलेखाच्या आकारातूनच मिळतं. एचडी २०९४५८ साठी ते ०.०१३८ आहे. काळ ३,०४,५३४ सेकंद. उत्तर ९.२ च्या आसपास येतं, मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवर ९.८. पृथ्वीच्या दोनशेपटीहून जड असा हा फुगलेला वायूचा गोळा, पण त्याच्या वरच्या थरांत वस्तू पडेल ती आपल्याहून जरा सावकाशच.

वेगाची पद्धत चालत नाही तेव्हा

तारा फार मंद असेल तर वर्णपटातून वेग निघत नाही. ट्रॅपिस्ट-१ हे त्याचं ठळक उदाहरण. सूर्याच्या ९ टक्के वस्तुमानाच्या या खुज्या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत, आणि ते एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांची अधिक्रमणं काही मिनिटं लवकर किंवा उशिरा होतात. त्या मागेपुढे होण्यावरून त्यांची वस्तुमानं काढली गेली. तिथेही आधी मिळतं ते ताऱ्याशी गुणोत्तर. सूक्ष्मभिंगाच्या पद्धतीतही (पुढच्या ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं गुरुत्व मागच्या ताऱ्याचा प्रकाश भिंगासारखा वाढवतं ती) थेट मिळतं ते गुणोत्तरच. फोटोत दिसणाऱ्या ग्रहांची, उदाहरणार्थ एचआर ८७९९ च्या चौघांची, वस्तुमानं मुख्यतः त्यांच्या चमकेवरून आणि ताऱ्याच्या वयावरून बांधलेली असतात. वय चुकलं की सगळं चुकलं. अशा आकड्यांकडे मी जरा सावधपणेच बघतो.

पुढचे तारे

हे दोन जमल्यावर एचडी १८९७३३ घ्या. काळ २.२ दिवस, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या वर, पण तारा डागांनी भरलेला. लाट वजा केल्यावर उरणारा फरक यंत्राच्या चुकीपेक्षा किती जास्त आहे ते बघा, म्हणजे डागांचा त्रास आकड्यांत कळेल.

मग एचडी ८०६०६. त्याची कक्षा इतकी लांबट आहे की विकेंद्रता ०.९३. एकशे अकरा दिवसांच्या फेरीत बहुतेक काळ वेग जवळजवळ सपाट, आणि ग्रह ताऱ्याजवळून झपकन जातो तेव्हा एकदम उसळी. त्यावर लिनेस्ट चालवाल तर साइनची लाट कुठेच बसणार नाही. तिथे पायथनमधलं 'रॅडवेल' घ्यावं लागेल. ते फुकट आहे, आणि त्याच्या सोबत येणारी उदाहरणं आधी जशीच्या तशी चालवून बघितली तर स्वतःची फाइल जोडायला फारसा वेळ लागत नाही.